ऑनलाइन जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताय? योग्य भाव असा काढा

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर 'इलेक्ट्रिक गिटार' शोधलं की एकाच मॉडेलचे तीन वेगळे भाव समोर येतात. पुण्यातला एकजण बारा हजार मागतो, ठाण्यातला अठरा, आणि नाशिकचा 'लॉकडाऊनमध्ये घेतली होती, वापरलीच नाही' म्हणत बावीस. नव्या माणसाला वाटतं, मधला आकडा बरोबर असणार. पण जाहिरातीतला आकडा ही फक्त विकणाऱ्याची इच्छा असते. त्याने स्वतः किती मोजले होते, त्याला किती घाई आहे, शेजारच्या जाहिरातीत काय लिहिलंय, यावरून तो ठरतो. गिटारची खरी किंमत आपल्यालाच कागदावर काढावी लागते, आणि तीही फोटो बघून मन बसायच्या आत.

हे काम अवघड नाही. वीस मिनिटं, एक वही आणि विकणाऱ्याला चार प्रश्न विचारायची तयारी एवढंच लागतं. खाली हिशेबासाठी घेतलेल्या रकमा 'समजा' म्हणून घेतल्या आहेत. त्या जागी तुमच्या शहरातल्या आजच्या रकमा घाला. पद्धत तीच राहते.

आधी मॉडेलचं पूर्ण नाव मिळवा

बहुतेकांची फसगत इथेच होते, आणि त्यात विकणारा दर वेळी लबाड असतोच असं नाही. अनेकदा त्यालाच आपल्याकडे काय आहे ते नीट माहीत नसतं. जाहिरातीत 'फेंडर स्ट्रॅटोकास्टर' लिहिलेलं असतं आणि फोटोत हेडस्टॉकवर (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकावर) 'स्क्वायर' असतं. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड. गिटारी चांगल्या असतात, पण भाव वेगळा. स्क्वायरमध्येही पायऱ्या आहेत: खाली बुलेट (२०२३ पासून तिची जागा सॉनिक मालिकेने घेतली), मध्ये अ‍ॅफिनिटी, वर क्लासिक वाइब. त्यानंतर मेक्सिकोत बनणारी फेंडर येते, जी २०१८ पर्यंत 'स्टँडर्ड' नावाने विकली जायची आणि नंतर 'प्लेयर' झाली (२०२४ पासून 'प्लेयर टू'). त्याही वर अमेरिकेत बनलेली. या सगळ्या लांबून सारख्याच दिसतात, पण सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या पायरीच्या भावात अनेक पटींचा फरक असतो.

असाच घोळ गिब्सनचा. 'गिब्सन एपिफोन लेस पॉल' असं लिहिलेलं दिसलं तर ती एपिफोन, म्हणजे गिब्सनच्या स्वस्त ब्रँडची गिटार समजा. १९५७ पासून एपिफोनची मालकी गिब्सनकडे आहे, म्हणून लोक दोन्ही नावं जोडून टाकतात. एपिफोनमध्येही लेस पॉल स्पेशल टूसारख्या सुरुवातीच्या गिटारीचा नेक (बॉडीला जोडलेला लांब दांडा) स्क्रूने जोडलेला असतो आणि लेस पॉल स्टँडर्डचा नेक चिकटवलेला. मागच्या बाजूचा एक फोटो मागितला की चार स्क्रू दिसतात की नाही ते कळतं. २०२० मध्ये एपिफोनने नवी मालिका आणली तेव्हा हेडस्टॉकचा आकारही बदलला. गिटार त्याआधीची की नंतरची, हे त्यावरून ओळखता येतं.

आयबनेझ घेत असाल तर मॉडेल क्रमांकातलं पहिलं अक्षर बघा. 'आरजी' आणि 'जीआरजी' यात एका 'जी'चा फरक आहे. पुढे 'जी' लागला की ती जिओ नावाची सुरुवातीची मालिका. जीआरजी १७० आणि जपानमध्ये बनलेली आरजी ५५० या दोन्ही टोकदार, काळ्या, चपट्या नेकच्या असतात, पण एकीच्या भावावरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. यामाहा पॅसिफिका त्या मानाने सरळ आहे: ०१२ सर्वांत स्वस्त, मग ११२जे, मग ११२व्ही. ११२व्हीमध्ये पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) चांगले असतात आणि टोनची कळ ओढली की हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, अर्धा होऊन सिंगल कॉइलसारखा वाजतो. जाहिरातीत नुसतं 'यामाहा पॅसिफिका' लिहिलं असेल तर पहिला प्रश्न हाच: कुठली?

नावाबरोबर सीरियल नंबर मागा. २०१० नंतरच्या मेक्सिकन फेंडरवर नंबरची सुरुवात 'एमएक्स' ने होते आणि पुढचे दोन अंक साल सांगतात. अमेरिकन असेल तर 'यूएस'. 'आयसीएस' ने सुरू होणारा नंबर म्हणजे इंडोनेशियात कोर्टच्या कारखान्यात बनलेली स्क्वायर. हेडस्टॉकवर 'फेंडर' आणि मागे 'आयसीएस' असेल तर कुणीतरी लोगो बदलला आहे. तिथेच थांबा.

गिब्सनच्या नावाने नकली गिटारी भरपूर फिरतात. नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला नट म्हणतात. त्याच्या वर ट्रस रॉडवरचं (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईवरचं) घंटेच्या आकाराचं छोटं झाकण असतं, त्याला खऱ्या गिब्सनवर दोन स्क्रू असतात. नकलीवर पुष्कळदा तीन दिसतात. झाकण काढून दाखवायला सांगितलं तर आत खऱ्या गिब्सनला पान्याने फिरवायचा षटकोनी नट असतो, नकलीला बहुधा ॲलन कीचं भोक. 'मामांनी दुबईहून आणली, बिल नाही, पन्नास हजारांत गिब्सन' अशी जाहिरात दिसली तर दोन्ही फोटो मागा. मिळाले नाहीत तर पुढचं बोलणं वाया जाईल.

आज नवी कितीला मिळते

हिशेबाचा पाया हाच. विकणारा सांगतो, 'मी अठ्ठावीसला घेतली होती.' ते बिल कदाचित २०१६ चं असेल. दुसरीकडे, त्याने तेव्हा अठ्ठावीसला घेतलेली गिटार आज नवी चाळीसला मिळत असेल, कारण बहुतेक गिटारी आयात होतात आणि रुपया घसरला की त्यांचे भाव चढतात. दोन्ही वेळा जुन्या बिलावरचा आकडा निरुपयोगी आहे. आज दुकानात तेच मॉडेल कितीला मिळतं, तेवढंच बघायचं. म्हणजे विकणाऱ्यावरही अन्याय होत नाही.

छापील किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकली जाते ती किंमत बघा. बजाओसारख्या ऑनलाइन दुकानांवर सवलतीनंतरचा आकडा दिसतो. मुंबईत धोबीतलावचं फुर्टाडोज १८६५ पासून वाद्यं विकतंय, त्यांच्या इतर शहरांतही शाखा आहेत. तिथे फोन करून 'आज कितीला द्याल' विचारायला संकोच नको. दोन-तीन ठिकाणचा सर्वांत कमी आकडा वहीत लिहा.

मॉडेल बंद झालं असेल तर आज त्याच्या जागी काय आहे ते शोधा. बुलेटसाठी सॉनिकचा भाव, मेक्सिकन स्टँडर्डसाठी प्लेयर टूचा भाव. विकणारा म्हणेल, 'हे मॉडेल आता मिळत नाही, रेअर आहे.' कारखान्यातून हजारोंनी निघालेली गिटार बंद झाली म्हणून दुर्मिळ होत नाही. त्या शब्दासाठी एक रुपयाही वाढवू नका. नुसतं जुनं असणं हेही मोल नव्हे. नव्वदच्या दशकातली गिवसन (गिब्सन नव्हे, स्वस्त भारतीय ब्रँड) घरातल्या माणसाची आठवण म्हणून जपण्यासारखी असते, वाजवायला घेताना मात्र तिचा नेक आणि फ्रेट्स (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काय सांगतात तेवढाच भाव.

विकल्या गेलेल्या गिटारींचा माग काढा

मागितलेला भाव सगळ्यांना दिसतो, मिळालेला भाव दिसत नाही. तो शोधायला थोडी चिकाटी हवी. तुम्हाला हव्या असलेल्या मॉडेलच्या सगळ्या जाहिराती सेव्ह करून ठेवा आणि दोन-तीन आठवडे बघत राहा. आठवड्याच्या आत निघून गेलेल्या जाहिरातीचा भाव बहुधा बाजाराला पटलेला असतो. तीन महिने तशीच असलेली, मधून मधून 'रिन्यू' होणारी जाहिरात म्हणजे बाजाराने नाकारलेला भाव. तरी नवखे लोक नेमका तोच आकडा आधार म्हणून धरतात, कारण तो सतत समोर असतो. विकली गेलेली दिसली तर सरळ विचारा, 'दादा, गिटार कितीला गेली?' व्यवहार झाल्यावर बरेच जण मोकळेपणाने सांगतात.

भारतात क्वचित दिसणाऱ्या मॉडेलसाठी रिव्हर्ब आणि ईबे या परदेशी संकेतस्थळांचा उपयोग होतो, कारण तिथे प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघता येतात. पण डॉलरचे रुपये करू नका. तिथली नवी गिटार आणि इथली नवी गिटार यांच्या भावात वाहतूक, आयात शुल्क, जीएसटी हे सगळं येतं. त्याऐवजी गुणोत्तर घ्या. तिथे नवी ८०० डॉलरची गिटार जुनी ५२० ला जाते, म्हणजे नव्याच्या ६५ टक्के. तेच ६५ टक्के इथल्या नव्या भावाला लावा.

माझ्या अनुभवात, नामांकित ब्रँडची मधल्या किमतीची, नीट ठेवलेली गिटार आजच्या नव्या भावाच्या ६० ते ७० टक्क्यांत योग्य म्हणावी. अगदी सुरुवातीच्या, स्वस्त गिटारींसाठी ४० ते ५० टक्के पुरेत, कारण त्यात एक दुरुस्ती निघाली की गिटारपेक्षा दुरुस्ती महाग. अमेरिकन फेंडर, खरी गिब्सन, जपानी आयबनेझ यांना आपल्याकडे माल कमी आणि मागणी पक्की असल्याने ७० च्या थोडं वरही भाव मिळतो. आणि एक साधा नियम: जुनीचा भाव आणि नवीचा भाव यात नवीच्या पाव किमतीइतकाही फरक नसेल तर नवीच घ्या. वॉरंटी आणि परत करण्याची सोय यांना तेवढी किंमत आहे.

फोटो आणि व्हिडिओ मागवा

जाहिरातीतले फोटो बहुतेकदा पुढून, छान उजेडात काढलेले असतात. भाव ठरवणाऱ्या गोष्टी त्यात दिसत नाहीत. हेडस्टॉक पुढून आणि मागून मागा, सीरियल नंबर जवळून, नटच्या मागचा नेकचा भाग, नेक बॉडीला जोडला आहे ती जागा, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) वरून आणि बाजूने, आणि पहिल्या पाच फ्रेट्सचा अगदी जवळचा फोटो. फ्रेट्सचा फोटो खिडकीच्या तिरक्या उजेडात काढायला सांगा, समोरून फ्लॅश मारला की खड्डे दिसत नाहीत. एका फोटोत गिटारवर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. गिटार खरंच त्याच्या हातात आहे, हे त्यातून समजतं.

व्हिडिओ गिटार अ‍ॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीला) लावून काढलेला हवा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा, सावकाश. मग पिकअपचा स्विच प्रत्येक जागी, मग व्हॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवत. गाणं वाजवून पाठवलेला व्हिडिओ छान वाटतो, पण आपल्या कामाचा नाही. प्रामाणिक विकणाऱ्याला या मागणीचा राग येत नाही. त्याला कळतं की समोरचा गंभीर आहे.

दोष बघायचे ते पैशात

रंग उडालाय, मागे बेल्टच्या बकलचे ओरखडे आहेत, कोपऱ्यावर टवका गेलाय, यांनी आवाज बदलत नाही आणि वाजवायला अडचण येत नाही. अशा खुणांनी थोडा भाव उतरतो, आणि वाजवणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. खरं लक्ष नेकवर द्या.

नेक सरळ आहे का, हे तारच सांगते. विकणाऱ्याला (किंवा भेटल्यावर स्वतः) तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायला सांगा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार व फ्रेट यात किती फट आहे बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. जास्त असेल तर नेक पुढे वाकलाय, फटच नसेल तर सरळ किंवा मागे गेलाय. दोन्ही गोष्टी ट्रस रॉड फिरवून सुधारतात, फक्त ट्रस रॉड फिरायला हवा. तो गंजून अडकलेला असेल किंवा पूर्ण आवळूनही नेक वाकलेलाच असेल तर ती गिटार स्वस्तातही घेऊ नका. हेडस्टॉककडून ब्रिजकडे एका डोळ्याने बघितल्यावर नेक पिळलेला दिसला तर तेच उत्तर.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर असली की वाजवायला सोपं. जास्त उंच असेल तर घाबरू नका, पुष्कळदा तो फक्त सेटअपचा (तारेची उंची, नेक वगैरे जुळवण्याचा) प्रश्न असतो. पण ब्रिजवरच्या तारेच्या खुर्च्या आधीच तळाला टेकल्या असतील आणि तरी तार उंच असेल, तर नेकचा कोन बिघडलाय. स्क्रूच्या नेकमध्ये ते दुरुस्त होतं, चिकटवलेल्या नेकमध्ये महाग पडतं.

फ्रेट्स सर्वांत जास्त पैसे खातात. पहिल्या तीन-चार फ्रेट्सवर बारीक तारांखाली खोल खड्डे असतील तर फ्रेट्स घासून एका पातळीत आणावे लागतात. ते काम एक-दोनदाच होतं, कारण दर वेळी धातू कमी होतो. त्यानंतर सगळे फ्रेट्स बदलणं आलं. मधल्या किमतीच्या गिटारमध्ये फ्रेट बदलायचा खर्च गिटारच्या भावाचा मोठा तुकडा असतो, म्हणून गिटार दुरुस्त करणाऱ्याला आधी फोन करून दोन्ही कामांचा दर विचारून ठेवा.

गिटार कुठल्या गावात राहिली आहे हेही विचारा. मुंबई, वसई, अलिबाग, गोवा अशा दमट खाऱ्या हवेत ब्रिजचे छोटे स्क्रू, तारेच्या खुर्च्या आणि पिकअपची धातूची टोकं गंजतात. स्क्रू गंजून अडकला की उंची बदलता येत नाही आणि साध्या सेटअपचं काम वाढतं. उलट नागपूर, चंद्रपूर, छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, पण फ्रेटचा धातू आकसत नाही. मग नेकच्या कडेने हात फिरवला की फ्रेट्सची टोकं बोटाला टोचतात. ती घासून घेता येतात, मोठा दोष नव्हे, पण भावात धरायचा. पावसाळ्यात घेतलेली गिटार हिवाळ्यात थोडी वेगळी वागणार, हेही लक्षात ठेवा.

लेस पॉलसारख्या गिटारींमध्ये हेडस्टॉक मागे झुकलेला असतो आणि नटच्या मागे लाकूड पातळ असतं. गिटार स्टँडवरून पडली की तिथेच तडा जातो. चांगली चिकटवलेली गिटार वर्षानुवर्षं उत्तम वाजते, पण तिचा भाव न मोडलेल्या गिटारच्या जवळपास निम्म्यावर येतो, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हाही तसाच येणार. म्हणून नटच्या मागचा फोटो सोडू नका. रंगाखाली केसाएवढी रेघ दिसली तरी 'कधी पडली होती का?' हा प्रश्न स्पष्ट शब्दांत लिहून विचारा, म्हणजे उत्तरही लेखी राहील.

इलेक्ट्रॉनिक्स मोजून बघता येतात

बटण फिरवताना खरखर आली तर बहुधा धूळ असते. कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, म्हणून त्यासाठी फार पैसे कापू नका. जॅकमध्ये वायर हलवली की आवाज जातो, हेही स्वस्तात सुधारतं. पिकअप मेलेला असेल तर मात्र खर्च आहे.

अ‍ॅम्प नसेल तरी साधा मल्टिमीटर पुरे. गिटारला वायर लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि वायरच्या दुसऱ्या टोकाच्या टिपेला एक व बाहेरच्या धातूला दुसरी सुई लावून रेझिस्टन्स मोजा. स्ट्रॅटोकास्टरच्या सिंगल कॉइलला साधारण साडेपाच ते सात किलोओहम येतात, जुन्या धाटणीच्या हंबकरला सात ते नऊ, जोरदार हंबकरला त्याहून बरेच जास्त. एखाद्या जागी आकडा एकदम शेकडो किलोओहमवर गेला किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर पिकअपची तार तुटली आहे किंवा जोडणी निघाली आहे. दोन पिकअप एकत्र असलेल्या जागी आकडा जवळपास निम्मा दिसतो, तो दोष नव्हे.

बदललेले पार्ट आणि 'पूर्ण सेट'

'सेमूर डंकनचे पिकअप टाकलेत, तेच बारा हजारांचे आहेत.' असं ऐकलं की भाव वाढवायचा मोह होतो. जुन्या बाजारात अशा सुधारणांचे पूर्ण पैसे कधीच मिळत नाहीत. मूळ पार्ट सोबत देत असेल तर थोडं वाढवा. नसेल तर त्या पिकअपना जुने म्हणून जो भाव मिळेल त्याचा निम्मा हिस्सा फार झाला. स्वतः टाकलेला फ्लॉइड रोज (तारा घट्ट धरणारा, हलता) ब्रिज, बॉडीत खोदकाम, हाताने मारलेला रंग यांनी भाव उतरतो. स्वस्त गिटारवर लायसन्स्ड फ्लॉइड रोज मुळातला असला तरी तो ज्यांवर हलतो त्या धारा झिजलेल्या नाहीत ना ते बघा. झिजल्या असतील तर ट्यूनिंग टिकत नाही.

अ‍ॅम्प, प्रोसेसर, बॅग, वायर, स्टँड असा 'पूर्ण सेट' असेल तर प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहा. ज्या वस्तू तुम्हाला नको आहेत त्यांना शून्य द्या. 'सगळं मिळून पस्तीस' या वाक्यात गिटारचा भाव लपून जातो. मात्र परदेशी जायला निघालेले किंवा कॉलेज संपवून गावी परतणारे लोक सगळं एकदम काढतात तेव्हा असे सेट खरोखर चांगल्या भावात मिळतात, कारण त्यांच्याकडे दिवस कमी असतात.

आता हिशेब

समजा, तुम्हाला हवं ते मॉडेल आज नवं ३०,००० ला मिळतं. नामांकित ब्रँड, मधली किंमत, स्थिती बरी, म्हणून ६५ टक्के धरले: १९,५००. फ्रेट्सवर खड्डे आहेत, घासून घ्यायचे समजा २,५००. सेटअप आणि नव्या तारा १,५००. ब्रिजच्या गंजलेल्या खुर्च्या बदलायच्या १,०००. उरले १४,५००. चांगली जाड बॅग सोबत आहे, जी तुम्हाला घ्यावीच लागली असती, तिचे १,००० वाढवा. झाले १५,५००. गिटार तुमच्या गावात असून हातात घेऊन बघता येणार असेल तर ही तुमची वरची मर्यादा.

न बघता, कुरिअरने घेत असाल तर आणखी दहा टक्के कमी करा, म्हणजे साधारण १४,०००. व्हिडिओत न दिसलेल्या गोष्टींची जोखीम तुम्ही घेताय, आणि वाहतुकीचा खर्च वेगळा आहेच. विकणारा २४,००० मागत असेल तर घाबरायचं कारण नाही. तो नव्या भावाच्या ८० टक्के मागतोय, आणि तुमच्याकडे कमी का, याची लेखी कारणं आहेत.

वरची मर्यादा वहीत लिहून तिच्याखाली रेघ ओढा. बोलणं सुरू झाल्यावर ती बदलायची नाही, नवा दोष कळला तर फक्त खाली.

बोलणी

'लास्ट किती?' असा मेसेज टाकणाऱ्याला विकणारे कंटाळलेले असतात. तुमचा पहिला मेसेज वेगळा असू द्या: 'नमस्कार दादा, पॅसिफिका ११२व्ही अजून आहे का? सीरियल नंबर आणि पहिल्या पाच फ्रेट्सचा फोटो मिळेल का? पसंत पडली तर या शनिवारी रोख किंवा यूपीआयने घेऊन जाईन.' याने दोन गोष्टी होतात: तुम्हाला विषय कळतो हे त्याला समजतं, आणि तुम्ही खरंच येणार आहात हेही.

भाव सांगताना कारणं सोबत द्या, पण गिटारला नावं ठेवू नका. माणूस आपली गिटार विकत असतो, बऱ्याचदा मनाविरुद्ध. 'गिटार तुम्ही छान ठेवली आहे. आज नवी तीसला मिळते, फ्रेट्सचं काम करावं लागेल, म्हणून मी चौदापर्यंत जाऊ शकतो,' हे पुरे. तो अठरा म्हणाला तर लगेच सोळावर उडी मारू नका. 'विचार करून सांगतो, तोपर्यंत दुसरं कुणी घेतलं तर हरकत नाही,' असं म्हणून दोन दिवस थांबा. त्याच भावात पुन्हा जाहिरात दिसली तर परत मेसेज करा. थांबता येणं हीच घेणाऱ्याची खरी ताकद, आणि स्वस्त-मधल्या मॉडेल्सच्या जाहिराती येतच राहतात.

आणि विकणाऱ्याने स्वतःहूनच तुमच्या हिशेबापेक्षा कमी भाव सांगितला तर? गिटार खरी आहे, बिल आहे, कारण पटण्यासारखं आहे, तर आणखी घासाघीस न करता घेऊन टाका.

पैसे आणि वाहतूक

'मी लष्करात आहे, बदली झाली, गिटार युनिटमधून कुरिअरने येईल, आधी पैसे पाठवा' ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते. कुणी क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हणत असेल तर तो चोर आहे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. 'टोकन द्या, बाजूला ठेवतो' याला न भेटता हो म्हणू नका. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

बिल मागा. बिल नसेल तर गिटारसोबतचे त्याचे जुने फोटो मागा. दोन-चार वर्षांपूर्वीचा एखादा फोटो बहुतेकांच्या फोनमध्ये असतोच. चोरीची गिटार विकणाऱ्याकडे तो नसतो. व्यवहार झाल्यावर सीरियल नंबर, रक्कम आणि तारीख असलेला एक साधा मेसेज दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

दुसऱ्या शहरातली गिटार असेल तर शक्यतो तिथल्या कुणा ओळखीच्या वाजवणाऱ्याला पाठवून बघून घ्या. खाजगी ट्रॅव्हल्सच्या पार्सलने किंवा कुरिअरने मागवायची असेल तर पॅकिंगचे फोटो मागा: तारा थोड्या सैल केलेल्या, हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी कागद किंवा फोम दाबून भरलेला, ब्रिजजवळ तारांखाली कापड, आणि बॅगेबाहेर मजबूत खोका. हेडस्टॉक खोक्यात लोंबकळत राहिला तर एका आपटीत मोडतो. खोका उघडताना व्हिडिओ काढा.

गिटार घरी आल्यावर लगेच ट्रस रॉडला हात लावू नका. दुसऱ्या हवेतून आलेलं लाकूड असतं, एक-दोन दिवस तिला खोलीत तशीच राहू द्या. मग नव्या तारा, मग सेटअप. ज्या सेटअपचे पैसे तुम्ही हिशेबात कापले होते ते आता खर्च करा, ते वाचवू नका. उंच तारेच्या गिटारवर शिकणाऱ्याची बोटं सोलतात आणि गिटार पुन्हा जाहिरातीत जाते.